सोने कोणत्या झाडाचे?

दसऱ्याच्या संध्याकाळी दिल्लीतील मराठी माणसे एकमेकांच्या घरी सोने घेऊन जातात, तेव्हा त्या सोन्याची पारख करण्याच्या भरीस सहसा कोणी पडत नाही. पान मधोमध दुभंगलेले असले म्हणजे झाले. देणाराही समाधानी आणि घेणाराही समाधानी. आमच्या नशिबी मात्र पहिल्याच वर्षी एक पारखी आला. सरकारी वसाहतीच्या रस्त्याकडेच्या झाडाची ओंजळभर पाने तोडून आम्ही मोठ्या उत्साहाने एका वयोवृद्ध गृहस्थांच्या घरी गेलो. त्यांनी पान हाती घेतले, उलटे करून पाहिले, अंगठ्याने त्याची पाठ चाचपली आणि शांतपणे म्हणाले, "अहो, हे सोने नव्हे. हा कांचन आहे."

कांचन म्हणजेच सोने, हे त्या क्षणी आमच्या ध्यानात आले असते तर बरे झाले असते. पण समयोचित उत्तर सुचण्याचे भाग्य आमच्या वाट्याला फारसे येत नाही. घरी परतताना ते सुचले आणि त्याबरोबरच एक शंकाही मनात आली. आपण ज्याला आपटा म्हणतो, ज्याला कांचन म्हणतो आणि ज्याला संस्कृत ग्रंथांत कोविदार म्हटले आहे, ती झाडे नेमकी किती आणि कोणती? ही शंका आम्ही नंतर बरीच वर्षे सवडीने बाळगली. तिची हकीकत येथे सांगावयाची आहे.

प्रथम त्या गृहस्थांच्या बाजूने जे खरे, ते मान्य केले पाहिजे. आपट्याचे पान लहान असते. त्याची लांबी दोन बोटांहून क्वचितच अधिक भरते आणि रुंदी लांबीहून थोडी जास्तच असते. ते जाडसर आणि चिवट असून त्याची पाठ करड्या लवेने भरलेली असते. अंगठ्याने चाचपून पाहावयाचे ते हेच. झाडही शोभेचे म्हणून कोणी लावावे असे नाही. खोड वाकडेतिकडे, फांद्या खाली झुकलेल्या, फुले बारीक व फिकट पिवळसर. चैत्र-वैशाखात ती तुऱ्यांनी येतात आणि पाहणाऱ्याच्या लक्षातही न येता गळून जातात. शेंगा मात्र जाड, काहीशा वाकड्या आणि महिनोन् महिने झाडास लोंबत राहणाऱ्या. आमच्याकडे सालीचे दोर करतात आणि पानांत तंबाखू घालून विड्या वळतात. उत्तरेतही हे झाड आहे, त्यास झिंझेरी म्हणतात. पण शहराच्या रस्त्यावर ते सहज हाती लागत नाही. रस्त्यावर सापडतो तो कांचन, हिंदीतला कचनार. त्याचे पान तळहाताएवढे, पातळ आणि मऊ. म्हणजे आकार व पोत यांवरून आपटा कोणता आणि कांचन कोणता हे लहान मुलासही सांगता येईल. आम्हांस ते सांगता आले नाही, कारण आम्ही केवळ दुभंग पाहिला. घाईत असलेला माणूस पानाचा आकारच पाहतो.

परंतु आपटा तरी मूळचा मानकरी आहे काय? धर्मशास्त्राचे ग्रंथ उघडले की येथे पहिला धक्का बसतो. विजयादशमीस सीमोल्लंघन करून पूजा करावयाची ती शमीची. पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस धर्मसिंधु रचला, त्यात शमी न मिळाल्यास अश्मंतकाची, म्हणजे आपट्याची, पूजा करावी असे सांगितले आहे. आपटा हा असा प्रतिनिधी म्हणून आला आणि कायमचा होऊन बसला. कार्यालयांत हंगामी म्हणून आलेली माणसे पुढे कायम होतात, तसाच हा प्रकार.

कौत्साच्या कथेचेही तेच. गुरुदक्षिणेसाठी चौदा कोटी सुवर्णमुद्रा हव्यात म्हणून वरतंतूचा शिष्य रघूकडे येतो, रघूने विश्वजित यज्ञात सर्वस्व दान केलेले असते, म्हणून तो कुबेरावर स्वारीची तयारी करतो आणि रात्रीतून सोन्याचा पाऊस पडतो, ही कथा आपणांपैकी प्रत्येकाने बालपणी ऐकलेली आहे. तो पाऊस आपट्याच्या झाडांवर पडला असे आजीने सांगितले होते. पण रघुवंशाच्या पाचव्या सर्गात पाहावे तो सोने पडते कोशगृहात, म्हणजे खजिन्यात. झाडाचा तेथे उल्लेखही नाही. कालिदासानंतर केव्हातरी लोककथेने ते सोने खजिन्यातून उचलून झाडावर नेले. आमच्या मते हा बदल कथेच्या हिताचाच झाला, कारण खजिन्यातले सोने कोणी कोणास वाटीत नाही.

आणि शमी? ती दिल्लीकरांच्या अगदी दाराशी आहे. राजस्थानात जिला खेजडी म्हणतात आणि हरियाणात जांटी, ती हीच. दिल्लीच्या पश्चिमेस शेतांच्या बांधांवर ती आपोआप उगवते. महाराष्ट्रात जी मुद्दाम शोधावी लागते म्हणून आपट्याची सोय झाली, ती शमी येथे उभी असता आम्ही तिच्याजवळून जातो आणि आपट्याची आठवण काढीत कांचन तोडतो. सोन्याच्या नाण्याऐवजी चांदीचे चालावे आणि चांदीच्या आठवणीने तांब्याचे, असे हे झाले.

आता त्या तांब्याकडे वळू. कांचन म्हणून जे झाड आपण ओळखतो ते एक नसून निदान दोन आहेत, आणि येथे पानाचा उपयोग फार थोडा. दोघांचेही पान मोठे व दुभंगलेले. एकाचा दुभंग किंचित खोल आणि पान लांबट, दुसऱ्याचे पान अधिक गोल आणि दुभंग उथळ. पण एकाच फांदीवर दोन्ही प्रकारची पाने पाहिली म्हणजे या खुणेवरचा विश्वास उडतो. येथे फुलाचीच साक्ष घ्यावी लागते.

पहिला तो उत्तरेचा कचनार. फेब्रुवारीच्या अखेरीस त्याची बहुतेक पाने गळालेली असतात आणि उघड्या फांद्यांवर गुलाबी, जांभळी किंवा पांढरी फुले येतात. पाकळ्या पाच आणि रुंद, एकमेकींवर किंचित चढलेल्या. त्यांतील एका पाकळीवर गडद रेघांची नक्षी असते, जणू मधमाशीसाठी काढलेली वाट. मध्ये पुंकेसर पाच. याच्याच मिटलेल्या कळ्या दिल्ली-लखनौच्या बाजारांत भाजीवाल्यांकडे ढिगाने दिसतात. दह्यात किंवा मसाल्यात शिजवलेली ती भाजी उत्तरेत आवडीने खातात. आमच्या घरी मात्र फुलाची भाजी कशी करावयाची, हा संकोच दोन-तीन वर्षे टिकला आणि मग गेला.

दुसरा तो देवकांचन. हा पावसाळा संपता संपता, ऑक्टोबरच्या सुमारास, हिरव्यागार पानांतच फुलतो आणि डिसेंबरपर्यंत फुलत राहतो. फुले जांभळट-गुलाबी. पाकळ्या अरुंद, एकमेकींपासून सुट्या, हाताची बोटे फाकवावीत तशा. आणि पुंकेसर तीन. ही शेवटची खूण वाचकांनी विशेष ध्यानात ठेवावी, कारण पुढे तिचे काम पडणार आहे. ऋतू, पाने गळालेली की असलेली, पाकळ्या चढलेल्या की सुट्या, केसर पाच की तीन, एवढे पाहिले की या दोघांत घोटाळा होत नाही.

घोटाळा होतो तो तिसऱ्यामुळे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हाँगकाँगच्या किनाऱ्यालगत एका फ्रेंच मिशनऱ्यास एक अपूर्व झाड आढळले. फुले कांचनाचीच, पण अधिक मोठी आणि गडद. आणि शेंगा धरीत नसल्यामुळे बियांपासून वाढविता न येणारे. 1908 साली त्यास तेथील माजी गव्हर्नर हेन्री ब्लेक यांचे नाव मिळाले. ते आपल्या वरील दोन झाडांचे संकर-अपत्य आहे, हे 2005 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने निश्चित केले. कलमांवरच वाढत आलेले हे झाड आता आपल्याकडील बागांतही दिसते. 1997 पासून हाँगकाँगच्या ध्वजावर त्याचेच फूल आहे. झाड ध्वजावर जाण्याची ही पहिली वेळ नव्हे, हे लवकरच दिसून येईल.

पानाने आमची फसगत केली असे वर म्हटले खरे. पण या कुळास नाव मिळाले ते पानावरूनच, आणि तेही दोन खंडांत दोन वेळा. अमरकोशात कोविदाराची जी नावे दिली आहेत त्यांत एक आहे युगपत्रक, म्हणजे जोडपानाचा. पुढे 1703 साली फ्रान्सच्या शार्ल प्लुमिए या वनस्पतिशास्त्रज्ञाने या कुळास बाउहिन या आडनावावरून बाउहिनिया हे नाव दिले. योहान आणि कास्पार बाउहिन हे दोघे भाऊ, दोघेही मोठे वनस्पतिज्ञ. कास्पारने 1623 साली सुमारे सहा हजार वनस्पतींच्या नावांची जंत्री छापून शतकानुशतकांचा गोंधळ आवरला होता. एका देठावर जोडलेल्या दोन दलांत लिनियसने या दोन भावांची जोडी पाहिली आणि 1737 सालच्या आपल्या ग्रंथात तसे लिहूनही ठेवले. अमरसिंहास युग दिसले, लिनियसास बंधू दिसले, पान एकच. 1753 साली याच लिनियसने वसंतातल्या कचनारास व्हेरिएगाटा, म्हणजे चित्रविचित्र रंगाचा, आणि शरदातल्या देवकांचनास पुर्पुरिया, म्हणजे जांभळा, अशी नावे देऊन दोघांस कायमचे वेगळे केले.

तथापि लिनियसने ही झाडे आपल्या देशात पाहिली नव्हती. त्याच्यापुढे जी साधने होती त्यांत डच अधिकारी हेंड्रिक व्हान रीड याने मलबारात सिद्ध करविलेला, 1678 ते 1693 या काळात ॲम्स्टरडॅम येथे बारा खंडांत छापलेला हॉर्टस मलबारिकस हा ग्रंथ प्रमुख होता. त्याच्या पहिल्याच खंडात कांचनाची चित्रे आहेत. मलयाळी लोक यास मंदार म्हणतात: तांबडा तो चुवन्न मंदारम्, पांढरा तो वेळुत्त मंदारम्. पिवळ्या फुलाच्या एका जातीस मात्र त्या ग्रंथात कांचनपू असे नाव आहे, आणि सोन्याचे नाव खरोखर शोभावे ते त्याच फुलास. या ग्रंथाचा आपणांशी आणखी एक संबंध आहे. मलबारातील वैद्य इट्टी अच्युतन याच्याबरोबर रंग भट, विनायक पंडित व अप्पू भट हे तीन कोंकणी ब्राह्मण व्हान रीडच्या मदतीस होते. ज्या समाजाचे पूर्वज गोव्याहून दक्षिणेस गेले, त्या समाजातले हे पंडित. त्यांचे कोंकणीतील प्रमाणपत्र नागरी लिपीत पहिल्या खंडात छापलेले आहे. परमुलखात राहून, परक्या अधिकाऱ्याच्या कचेरीत, झाडांची नावे अचूक लिहून देणाऱ्या त्या तिघांविषयी आम्हांस विशेष आपुलकी वाटते, याचे कारण वाचकांस सांगावयास नको.

आता कोविदार. रामायणात भरत सैन्यासह रामास भेटावयास निघतो. गंगेच्या तीरावर निषादराज गुह ते सैन्य दुरून पाहतो आणि रथावरील कोविदाराचा ध्वज पाहून ते इक्ष्वाकूंचे म्हणून ओळखतो. पुढे चित्रकूटावर लक्ष्मण सालवृक्षावर चढून पाहतो, तोही त्याच ध्वजावरून भरत आल्याचे ताडतो, आणि संतापतो. म्हणजे झाड ओळखण्यावर दोन वेळा युद्धाची वेळ येऊन ठेपली होती. 25 नोव्हेंबर 2025 रोजी अयोध्येच्या राममंदिराच्या शिखरावर जो ध्वज चढला, त्यावर सूर्य व ओंकार यांबरोबर कोविदाराचे चित्र होते. त्या दिवसापासून कार्यालयांतल्या चहाच्या वेळी कोविदार म्हणजे कोणते झाड, यावर जी पांडित्यपूर्ण चर्चा चालली ती आम्हीही ऐकली. बहुमत कचनाराकडे होते.

बहुमताने झाड ठरत नाही. ऋतूने ठरेल काय, ते पाहावे. कालिदासाच्या नावावर असलेल्या ऋतुसंहारात कोविदार फुलतो तो शरदाच्या सर्गात, आणि त्याच्या नावातील विदारण्यावर कवीने कोटीही साधली आहे. शरदात कचनार फुलत नाही. तेव्हा ऋतुसंहाराचा कोविदार म्हणजे देवकांचनच. भावमिश्राच्या सोळाव्या शतकातील भावप्रकाशात कांचनार व कोविदार यांच्या नावांचे गट वेगळे दिले आहेत. कांचनारास गंडारि म्हटले आहे, म्हणजे गंडमाळेचा शत्रू. आजही वैद्य त्या विकारावर कांचनार गुग्गुळ देतात. कोविदाराच्या नावांत मात्र एक शब्द असा आहे की तो वाचून आम्ही पुस्तक खाली ठेवले. तो शब्द स्वल्पकेसरी. थोड्या केसरांचा! पाच केसरांच्या शेजारी उभे राहून ज्यास थोड्या केसरांचा म्हणावे, तो तीन केसरांचाच असणार. लिनियसच्या आधी दोन शतके कोणा वैद्याने फूल हाती घेऊन केसर मोजले होते, असे आम्हांस वाटते.

येथेच थांबता आले असते तर निकाल स्वच्छ लागला असता. पण पुरावा पुरा वाचला पाहिजे. रामायणातच किष्किंधाकांडात शरद ऋतूच्या वर्णनात कोविदार फुललेला आहे, आणि त्याच कांडाच्या आरंभी पंपा सरोवराच्या काठी वसंतातही कोविदार फुललेला आहे. एकच झाड दोन्ही ऋतूंत फुलत नाही. म्हणजे त्या काळी हे एकच नाव दोन्ही झाडांस चालत होते, आणि भरताच्या ध्वजावर यांतले कोणते होते हे ऋतूवरून सांगता येणार नाही. लोकभाषांची साक्षही दुहेरी आहे. छोटा नागपुरात देवकांचनाच्या कोवळ्या पानांची भाजी खातात, तिला कोइनार म्हणतात. नेपाळीत मात्र कोइरालो म्हणजे वसंतातला कचनार, आणि देवकांचनास टांकी असे निराळेच नाव. दोन्ही शब्द कोविदाराचेच वंशज. एका बापाचे दोन मुलगे दोन गावी जाऊन राहावेत, आणि दोघांनीही वडिलांचेच नाव लावावे, तसे हे झाले आहे. भावप्रकाशाच्या काळापर्यंत वैद्यांनी वाटणी केली; कवींस तिची गरज नव्हती.

त्याच भावप्रकाशात कोविदाराच्या नावांत आणखी एक नाव आहे, अश्मंतक. म्हणजे ज्यास आपण आपटा समजतो त्याचेच. आपटा आणि कांचन यांची गल्लत करणारे आम्ही पहिले नव्हे, एवढा दिलासा आम्ही त्यातून घेतला.

गेल्या नोव्हेंबरात, ज्या झाडाची पाने आम्ही इतकी वर्षे सोने म्हणून वाटली, त्याच्याखाली एका सकाळी जाऊन उभे राहिलो. झाड हिरवेगार होते आणि भर फुलांत होते. खाली पडलेले एक फूल उचलून पाहिले. पाकळ्या सुट्या, केसर तीन. तेव्हा एक युक्तिवाद सुचला. रघू हा इक्ष्वाकूंच्याच कुळातला, कोविदार हे त्या कुळाचे चिन्ह, आणि रामायणात ज्याचे नावही सोन्याशी जोडलेले नाही त्या आपट्यापेक्षा रघूच्या घरच्या ध्वजावरील पान हे कौत्साच्या सोन्यास अधिक जवळचे. हा युक्तिवाद वकिली आहे, हे आम्हांस कळते. ध्वजावर तीन केसरांचा कोविदार होता की पाच केसरांचा, हे आम्हीच वर अनिर्णित ठेवले आहे. तरीही तो मोह आवरला नाही. ते वृद्ध गृहस्थ आता निवृत्तीनंतर गावी राहतात. त्यांस आम्ही चार पानी पत्र लिहिले आणि त्यात त्या झाडाचे एक पान व एक वाळविलेले फूल घातले.

पंधरा दिवसांनी कार्ड आले. अक्षर थोडे कापरे झाले होते. "आपले पत्र पोचले. फूल भिंगाखाली पाहिले. केसर तीनच आहेत, ते आपण म्हणता तसे. पान मात्र आपट्याचे नव्हे."